वाळूत हात घालण्याआधी

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. प्रदर्शनातल्या त्या वाळूच्या पेटीबद्दल तू इतकं भरभरून लिहिलंस की वाचताना माझीच बोटं शिवशिवली. हाताने डोंगर रचावा तर त्यावर लगेच प्रोजेक्टरच्या उजेडात समोच्च रेषा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या) उमटतात, वर पंजा पसरून धरला की उजेडाचाच पाऊस पडतो आणि पाणी उताराने खाली धावतं. भूगोलाच्या शिक्षकाने हे पाहावं आणि वर्गात हवं असं त्याला वाटू नये, हे शक्यच नाही. पण तयार पेटी विकत घेण्याआधी थांब. का थांब म्हणतो ते सांगायला मला माझ्या टेबलापासून सुरुवात करावी लागेल.

ते टेबल तू पाहिलेलं नाहीस. वर काच, तिच्यावर ट्रेसिंग पेपर, खाली कॅमेरा. काचेवर लाकडी ठोकळे ठेवायचे, फिरवायचे, एकमेकांजवळ न्यायचे आणि त्यातून आवाज घडवायचा. मूळ कल्पना बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठाची. सर्जी जोर्दा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ पासून 'रिअ‍ॅक्टेबल' नावाचं वाद्य घडवलं. २००७ मध्ये ब्यर्क या गायिकेच्या दौऱ्यात ते मोठ्या रंगमंचावरही वाजलं. वाद्य त्यांचं, पण ठोकळे ओळखणारं सॉफ्टवेअर, 'रिअ‍ॅक्टिव्हिजन', त्यांनी सगळ्यांसाठी खुलं ठेवलं, म्हणजे त्याचा कोड (प्रोग्रामच्या मूळ ओळी) कोणालाही वाचता आणि बदलता येतो. त्याच्याच जोरावर मी हातात करवत घेतली.

प्रत्येक ठोकळ्याच्या तळाशी एक काळी-पांढरी खूण चिकटवलेली असते, अमिबासारखी वेडीवाकडी. मला वाटायचं, संगणक तिचा आकार ओळखत असेल. तसं नाही. काळ्या ठिपक्याच्या पोटात किती पांढरे, त्या पांढऱ्यांच्या पोटात पुन्हा किती काळे, एवढंच तो मोजतो. कोण कोणाच्या पोटात आहे याची वंशावळ मांडतो आणि त्या वंशावळीवरून ठोकळ्याचं नाव ठरवतो. म्हणून खूण तिरकी दिसली, थोडी ताणली गेली, तरी ओळख पुसत नाही. हे समजलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नव्हती.

टेबल तयार झालं आणि मधले ठोकळे छान चालू लागले, पण कोपऱ्यातले सारखे गायब व्हायचे. दिवे हलवले, कॅमेरा वरखाली केला, काच पुसली. शेवटी त्या सॉफ्टवेअरचा कोड उघडला. त्यात दिसलं की चित्राचे छोटे छोटे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनात काळं काय आणि पांढरं काय याची सीमा वेगळी ठरवली जाते. आणि एखाद्या चौकोनात उजेड-अंधाराचा फरक ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल, तर तिथे काहीच नाही असं धरलं जातं. माझे कोपरे अंधारे होते. तिथला फरक त्या मर्यादेखाली जात होता. मर्यादा थोडी खाली आणली आणि कोपरे जागे झाले. ज्याने ती ओळ लिहिली त्याला मी कधी भेटलेलो नाही, पण त्या संध्याकाळी तो माझ्या शेजारी बसून समजावून सांगत होता असं वाटलं.

ठोकळ्यांची खबर पुढच्या प्रोग्रामला पोचवण्याची जी रीत आहे, 'ट्यूइओ', तीसुद्धा फार विचाराने केली आहे. निरोप वाटेत हरवू शकतात हे धरूनच ती बांधली आहे. 'अमुक ठोकळा उचलला' असा निरोप ती पाठवतच नाही. या घडीला टेबलावर कोण कोण आहे याची यादीच पुन्हा पुन्हा पाठवते. यादीत नाव नाही म्हणजे ठोकळा गेला. एखादी यादी हरवली तरी पुढची येतेच.

आता दुसरी बाजू. माझ्या कपाटात काही वर्षांपूर्वी घेतलेले छोटे चौकोनी ठोकळे आहेत. प्रत्येकाला स्वतःचा पडदा, शेजारी ठेवले की ते एकमेकांशी बोलायचे. कंपनी बंद पडली, नव्या संगणकावर तिचा प्रोग्राम चालेना, आणि आत काय आहे हे बघायला वाट नाही. हातात घेतले की वजन जाणवतं, कडा जाणवतात, आणि ते काहीही करत नाहीत. मला त्यांचं अजून वाईट वाटतं.

वस्तूला हात लावता आला म्हणजे संगणक आपला झाला, असं वस्तू हाताळून संगणक चालवण्याच्या या क्षेत्रात अनेकांना वाटतं. सुरुवातीच्या कल्पना होत्याही तशा सुंदर. १९९२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये डरेल बिशप यांनी फोनचे निरोप साठवणाऱ्या एका यंत्राचा आराखडा मांडला. निरोप आला की एक गोटी बाहेर येते. ती यंत्राच्या खळगीत ठेवली की निरोप ऐकू येतो, फोनच्या खळगीत ठेवली की त्या माणसाला फोन लागतो. पुढे १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधल्या हिरोशी इशिई आणि ब्रिग उल्मर यांनी 'टँजिबल बिट्स' (हाताला लागणारी माहिती) हा शोधनिबंध लिहिला. इशिई अबॅकसचं, म्हणजे तारांवरचे मणी सरकवून हिशेब करण्याच्या चौकटीचं, उदाहरण देतात: मणी सरकवणं आणि उत्तर वाचणं या तिथे दोन वेगळ्या जागा नाहीत. पण अबॅकसची आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. त्यात लपलेलं काहीच नाही. तार तुटली तर तुझ्या वर्गातलं पोरही ती बदलेल.

मुक्त सॉफ्टवेअरची कथासुद्धा एका हाताला लागणाऱ्या वस्तूपासूनच सुरू होते, हे तुला ठाऊक आहे का? एमआयटीच्या प्रयोगशाळेत प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये अशी सोय केली होती की कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना कळावं. नवा प्रिंटर आला, त्याचा सोर्स कोड मिळाला नाही, आणि तीच साधी दुरुस्ती करणं अशक्य झालं. १९८३ मध्ये त्यांनी सगळ्यांना वाचता-बदलता येईल अशा सॉफ्टवेअरच्या 'जीएनयू' प्रकल्पाची घोषणा केली त्यामागे हा अनुभवही होता.

म्हणून तुझ्या पेटीबद्दल. ती कल्पना ज्या रूपात जगभर पोचली ते 'ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी सँडबॉक्स' कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत ऑलिव्हर क्रेलोस यांनी तयार केलं आणि त्याचा कोड जीपीएल या, बदललेला कोड वाटला तर तोही खुला ठेवायला लावणाऱ्या, परवान्याखाली खुला आहे. वर टांगलेला खोली मोजणारा कॅमेरा, प्रोजेक्टर, बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असलेला, लिनक्स या खुल्या प्रणालीवर चालणारा संगणक, आणि वाळू. पेटी साधारण एक मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद, कॅमेरा वाळूपासून सुमारे एक मीटर उंच. वाळू शंभर किलोच्या आसपास लागेल, तेव्हा टेबलाच्या पायांकडे आधी बघ. वाळू पांढरी घे, रंग नीट उठतात.

कॅमेऱ्याची एक अडचण आहे, ती लपवत नाही. मूळ पेटी किनेक्टवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या व्हिडिओ गेमसाठीच्या खोली मोजणाऱ्या कॅमेऱ्यावर, बेतलेली आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये तो बाजारात आला आणि आठवड्याभरात लोकांनी त्याचा खुला ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला तो वापरता यावा असा प्रोग्राम, लिहिला. पण २०१७ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. जुना मिळवावा लागेल. कोड खुला असला तरी कॅमेरा घरी बनवता येत नाही. आपल्याला पुरतं स्वातंत्र्य मिळतं असं मी म्हणणार नाही. पण कॅमेरा बदलला तर कोडमध्ये काय बदलायचं ते निदान वाचता येईल.

माझं मन खरं तर एका गोष्टीत अडकलंय. पाणी कसं वाहतं याचं गणित त्या कोडमध्ये उघडं आहे. एखाद्या मुलीने विचारलं, 'सर, पाणी इथेच का वळलं?', तर तयार पेटीत तू 'मशीनने वळवलं' एवढंच सांगू शकशील. खुल्या पेटीत तिच्यासोबत बसून ती ओळ शोधता येईल. सगळ्यांनाच ती कळेल असं नाही. तिला कदाचित कळेल.

सुट्टीत मी तुझ्याकडे चार दिवस येऊ शकतो. तोवर लाकूड आणि वाळू जमव, संगणकावर लिनक्स मी चढवून देईन. प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांचा मेळ घालणं हे सगळ्यात किचकट काम, त्याला दोघे लागतातच. एकजण खुणेची चकती घेऊन वाळूवर जागोजागी ठेवत जाणार आणि दुसरा पडद्यावर बघणार. चकती मुलांना धरू दे.

तुझा,
अनिरुद्ध