एका चेनरिंगची रोड बाइक: आधी हिशेब, मग पाना

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रोड बाइकची एक चेनरिंग (पायडलजवळचे दातेरी चक्र) आणि फ्रंट डिरेलर (चेन एका चेनरिंगवरून दुसरीवर नेणारा भाग) काढून टाकले की सायकल हलकी व सुटसुटीत होते, असे आपल्या क्रीडा पुरवणीतील लेखात नुकतेच वाचले. ते खरेच आहे. परंतु लेख तेथेच थांबल्यामुळे दोन भाग सोडवले म्हणजे काम झाले, असा वाचकांचा समज होईल, म्हणून हे पत्र.

पहिला हिशेब दात्यांचा. पुढे ५० व ३४ दात्यांच्या दोन चेनरिंग आणि मागे ११ ते २८ दात्यांची कॅसेट (मागच्या चाकावरील दातेरी चक्रांचा संच), ही रोड बाइकवर नेहमी आढळणारी जोडणी. तिचा सर्वांत हलका गिअर ३४ भागिले २८, म्हणजे १.२१ येतो. त्याऐवजी पुढे ४२ दात्यांची एकच चेनरिंग आणि मागे ११ ते ३४ची कॅसेट लावली, तर तो १.२४ येतो, म्हणजे चढावर फारसे काही गमवावे लागत नाही. जड बाजूला मात्र ४२ व ११ ही जोडी जेमतेम पूर्वीच्या ५० व १३ इतकी भरते आणि वरचे दोन गिअर जातात. मिनिटाला ९० फेऱ्यांच्या लयीत पायडल मारले, तर वेग ताशी सुमारे ४३ किलोमीटरवर अडतो; पूर्वी तो ५१ पर्यंत जात असे. एकट्याने लांबचा पल्ला गाठणाऱ्याचे यात काही बिघडत नाही, पण शर्यतीत शेवटी मुसंडी मारणाऱ्याने नीट विचार करावा. माझ्या मते खरी किंमत वेगळीच आहे: अशा अकरा गिअरच्या कॅसेटमध्ये ११ नंतर थेट १३ आणि मग १५ दाते येतात. त्यामुळे वेगाने जाणाऱ्या समूहात आपल्या पायांना मानवेल असा मधला गिअर सापडत नाही आणि लय सतत मोडते.

दुसरी बाब चेन जागेवर राहण्याची. फ्रंट डिरेलर गिअर बदलतो, तसाच तो चेनला आवरूनही धरतो. तो काढल्यावर ही जबाबदारी एकाआड एक जाड व बारीक दाते असलेल्या चेनरिंगवर आणि क्लच (चेन ताणून धरणारी यंत्रणा) असलेल्या रिअर डिरेलरवर, म्हणजे मागचे गिअर बदलणाऱ्या भागावर येते. दोन चेनरिंगच्या जोडणीसाठी घडवलेली जुनी चेनरिंग तशीच ठेवली, तर खडबडीत रस्त्यावर चेन उतरणारच. २०२३च्या जिरो द'इतालिया या इटलीतील अनेक टप्प्यांच्या शर्यतीत, मॉन्ते लुस्सारीच्या चढावरील घड्याळाविरुद्धच्या वैयक्तिक टप्प्यात स्लोव्हेनियाचा सायकलपटू प्रिमोझ रोग्लिच एकाच चेनरिंगवर धावत होता आणि ऐन चढात त्याची चेन उतरली. तरीही त्याने तो टप्पा ४० सेकंदांनी आणि किताब १४ सेकंदांनी जिंकला. निष्णात मेकॅनिकांनी सज्ज केलेल्या सायकलवर असे घडू शकते, तर आपण चेनरिंगजवळ छोटासा चेन गाइड (चेन उतरू न देणारा अडसर) लावण्यात कसूर करू नये.

जोडणी करताना चेनरिंगचे बोल्ट आखूड घ्यावेत. दोन चेनरिंगचे लांब बोल्ट एकटीला घट्ट आवळत नाहीत. जाड दाते चेनच्या बाहेरच्या पट्ट्यांमधील रुंद फटीतच बसले पाहिजेत. रिअर डिरेलर कॅसेटमधील सर्वांत मोठे चक्र पेलतो का, हे आधीच पाहावे. मागे ४२ दात्यांपर्यंतची कॅसेट घेतली, तर जुनी चेन आखूड पडते आणि त्या मोठ्या चक्रावर गिअर टाकताच डिरेलर व हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) मोडण्याचा धोका असतो. म्हणून चेनची लांबी सर्वांत मोठ्या चक्रावर मापूनच ठरवावी. शेवटी सायकल स्टँडवर चढवून, चेन सर्वांत मोठ्या चक्रावर असताना पायडल उलटे फिरवावे. चेन लहान चक्रांकडे घसरली, तर चेनरिंग फार बाहेर बसली आहे असे समजून, फ्रेमला घासणार नाही इतपत ती आत घ्यावी.

आपला,
एक सायकलस्वार वाचक