टोमॅटो चिरायचा चाकू

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, दुपार

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला चाकूचा फोटो पाहिला. सात इंची पातं, पाठीवर करवतीचे दात, आणि मुठीच्या टोकाला होकायंत्र. अरे, आपण दिवेआगरला गळ टाकायला चाललोय, अफजलखानाच्या भेटीला नाही. आणि समुद्र पश्चिमेला असतो एवढं मला होकायंत्राशिवायही कळतं. पैसे अजून भरले नसशील तर थांब, हे पत्र आधी वाच.

फोनवर सांगून झालं असतं. पण फोनवर तू "हो हो" म्हणतोस आणि शेवटी मनाला येईल तेच करतोस, हा कॉलेजपासूनचा अनुभव. शिवाय यातली एक गोष्ट मला घरात मोठ्याने बोलता येत नाही. घर दोन खोल्यांचं आहे आणि हिचे कान तीन खोल्यांचे.

आपण खडकवासल्याला कणकेचे गोळे लावून तिलापिया धरायचो तेव्हा आपल्याकडे चाकू होता का, आठव. तुझ्या किल्ल्यांच्या जुडग्यातलं नेलकटर, बस्स. तंगूस त्यानेच कापायचो, गाठीची शेपटीही त्यानेच. धरणाच्या पाण्याला घाई नसते. रॉड दगडाला टेकवायचा, पिशवी उपसायची, नेलकटर तुझ्याकडे की माझ्याकडे यावर भांडायचं, तोवर पाणी होतं तिथेच. लाटांत उभं राहिल्यावर ही चैन नाही. पिशवी मागे पन्नास पावलांवर, कोरड्या वाळूत. एक हात रॉडला. दर सात-आठ सेकंदांनी कंबरेला धक्का. जे अंगावर आहे आणि जे एका हाताने निघतं, तेवढंच तुझं.

आता ती गोष्ट. वहिनींना वाचून दाखवू नकोस, त्या हिला सांगतील.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात मी एकटाच गेलो होतो. पौर्णिमेनंतरची सकाळ, म्हणजे उधाणाची भरती-ओहोटी. पहाटे ओहोटी लागलेली, दिवेआगरचा किनारा सपाट, त्यामुळे पाणी पार लांब गेलेलं. मी त्याच्या मागेमागे गेलो. मुडदुश्या लागत होत्या, हातभर नाहीत पण वीतभर तरी, आणि त्या नादात आठ वाजून गेले. पाणी वळलंय हे मांड्यांना कळलं होतं, डोक्याला कळायचं होतं. तेवढ्यात पायांना काहीतरी मऊ लागलं. आधी शेवाळ वाटलं. मग दुसरी लाट आली, ते दोन्ही नडग्यांभोवती फिरलं, आणि उचललेलं पाऊल पुढे पडेना. कुणाच्या तरी फाटून वाहत आलेल्या जाळ्याचा तुकडा. तोल सांभाळायला हात वर केला, तर रिळातून सुटलेली ब्रेडेड लाइन, म्हणजे गळाचा विणलेला दोरा, डाव्या मनगटाभोवती दोन वेढे बसली, आणि पलीकडचं शिसं त्याच जाळ्यात कुठेतरी अडकलेलं. म्हणजे मी पाय ओढला की मनगट कापतंय.

चाकू होता. चांगला, लाकडी मुठीचा, घडीचा, भाच्याने दिलेला. कुठे होता, तर हाफ पँटच्या बटणवाल्या खिशात. ओलं कापड मांडीला चिकटलेलं, बटण काही सुटेना. सुटलं तर चाकू उघडायला दोन हात हवेत, आणि दुसरा हात गळ्याला फास लागलेल्या कोंबडीसारखा. दातात धरून उघडायला गेलो. पात्यावरच्या नखाच्या खाचेत वाळू बसलेली, बिजागरीत वाळू, पातं अर्ध्यावर येऊन करकरलं आणि अडलं. पुढच्या लाटेने मला बसवलं. चाकू गेला, टोपी गेली. खाली बसल्यामुळेच हात पायापर्यंत पोहोचला, बुटाचं वेल्क्रो ओढलं, बुटासकट जाळं निघालं. रांगत बाहेर आलो. मनगटावर जी पांढरी रेघ आहे ना, जी मी सगळ्यांना कुकरची वाफ म्हणून सांगतो, ती ही.

वाळूत बसून धापा टाकत होतो तेव्हा गावातले एक काका आले. त्यांनी काही विचारलं नाही. कंबरेच्या सुतळीतून आपला चाकू काढला आणि रॉडला गुंडाळलेली लाइन कापून दिली. हॅक्सॉचं जुनं ब्लेड, एका बाजूने दगडावर घासलेलं, दुसऱ्या टोकाला सायकलची ट्यूब गुंडाळून मूठ केलेली, टोक मुद्दाम तोडून बोथट केलेलं. मी म्हटलं, छान आहे. ते म्हणाले, "छान कसला? दर्यात जातो म्हणून फुकटातला ठेवायचा. भारीतला असला की माणूस चाकू शोधीत राहतो आणि पाणी चढतं."

मी तेव्हापासून चाकूकडे त्या काकांच्या डोळ्यांनी बघतोय. आमिष कापायला काहीही चालतं, मासा साफ करायला घरी विळी आहे. अंगावरचा चाकू मुळात माशासाठी नाहीच. तो तुझ्यासाठी आहे, आणि तो काढायची वेळ आली तेव्हा तू आडवा, घाबरलेला आणि एका हाताचा असशील असं धरूनच तो घ्यायचा.

एकदा असं धरलं की निम्मी दुकानं आपोआप गळतात. घडीचा बाद. करवतीचा बाद, कारण ते दात कपड्यात अडकतात आणि लाइनला काही करत नाहीत. चामड्याचं म्यान बाद, ते खारं पाणी पिऊन बसतं आणि पात्याला आठवडाभर पाजत राहतं. अणकुचीदार टोकही नको. लाट तुला पाडेल तेव्हा हातातला चाकू कुठे जाईल हे लाट ठरवते, तू नाही.

पोलादाबद्दल तू तीन वेळा विचारलंस, म्हणून सांगतो. स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही असं आपण समजतो. पोलादात साधारण १०.५ टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की त्याच्या अंगावर ऑक्साइडचा अतिपातळ पापुद्रा धरतो, तो गंज अडवतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात अंदाजे ३५ ग्रॅम मीठ. त्यातलं क्लोराइड हा पापुद्रा जागोजागी टोचतं, आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. पातं लांबून चकचकीत, आणि म्यानाच्या तोंडाशी जिथे ओल राहते तिथे देवीच्या व्रणांसारखं. त्यात गंमत अशी की धार टिकायला कार्बन लागतो, आणि जास्तीचा कार्बन क्रोमियमलाच धरून बसतो. म्हणून फार कडक, फार धार धरणारा चाकू समुद्रावर बहुधा आधी रडतो. जपान्यांनी एच-१ नावाचं पोलाद काढलंय, त्यात कार्बन कमी करून नायट्रोजन घातलाय, ते खाऱ्या पाण्यात जवळजवळ गंजतच नाही. चाकू उत्तम, पण किंमत बघून मला काकांचं वाक्य आठवलं.

मग मी बोहरी आळीत गेलो. कोयता गँगच्या बातम्या झाल्यापासून तिथे धारेचं काही मागितलं की दुकानदार आधी तुमचं तोंड बघतो. मी म्हटलं, मासेमारीसाठी हवाय. तो म्हणाला, "पुण्यात?" एवढंच. चार दुकानं फिरलो, आणि शेवटी घरी येऊन हिच्या ओट्यावर उत्तर सापडलं. ती टोमॅटो चिरते तो चाकू. व्हिक्टोरिनॉक्सचा, लाल प्लॅस्टिकच्या मुठीचा, ११ सेंटिमीटरचं पातं, बारीक लाटांसारखी दातेरी धार, आणि टोक गोल! म्हणजे काकांनी हॅक्सॉ ब्लेड तोडून जे केलं होतं ते स्विस लोकांनी टोमॅटोसाठी करून ठेवलेलं.

गॅलरीच्या गजाला ब्रेडेड लाइन बांधली, ओली केली, सैल सोडली. ताणलेली लाइन कुणीही कापतो, खरी परीक्षा सैल लाइनची. डोळे मिटले, डावा हात. आधी साधी धार लावलेला चाकू घेतला: तो लाइनवरून साबणासारखा घसरला, चार वेळा. टोमॅटोचा लावला आणि एका ओढीत तुटली, कारण दात्यांना दोरा सापडतो. मग कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी. तीही दोन ओढींत. दोरी का कापली हे मला संध्याकाळी समजावून सांगावं लागलं, ते जाऊ दे.

म्यानाचं मात्र लिहितो, कारण तुला ते करायला आवडेल. नळाचा पाऊण इंची पीव्हीसी पाइप, पात्याहून तीन बोटं लांब कापला. जुन्या पातेल्यात पाणी उकळून त्यात पाच मिनिटं ठेवला, म्हणजे तो शिजलेल्या शेवग्यासारखा मऊ होतो. पात्याला वर्तमानपत्राची एक घडी गुंडाळून आत सरकवलं आणि पोळपाटाखाली दाबून वर उभा राहिलो. थंड झाल्यावर कागद काढला. पातं आत मोकळं राहतं आणि मुठीचा पहिला इंच पाइपच्या तोंडात घट्ट बसतो, टक् असा आवाज येईपर्यंत दाबायचा. पाणी निथळायला एक भोक. उलटा धरून झटकला तर पडता कामा नये, अंगठ्याने मुठीला रेटा दिला की निघाला पाहिजे. पहिला पाइप ढिला झाला, दुसरा जमला. हे म्यान लाइफ जॅकेटच्या छातीवरच्या पट्ट्याला, मूठ खाली, बरोबर मध्ये. कुठलाही हात तिथे जातो. गळ्यात दोरीने अडकवू नकोस, आणि मनगटाला दोरी तर नकोच. आपल्याला गुंत्यातून सुटायचंय, त्यात भर घालायची नाही. पडला तर पडला.

लाइफ जॅकेट म्हटल्यावर तू हसशील. हस, पण आण.

दुसरा चाकू पिशवीत राहील: मोरा नावाच्या स्वीडिश कंपनीचा, नारिंगी मुठीचा, दहा सेंटिमीटरच्या आसपास साधं स्टेनलेस पातं. कोलंबी सोलायला, तारलीचे तुकडे करायला, मोठा मासा लागला तर तिथेच कल्ल्यात कापून रक्त काढायला. रंग नारिंगी घेतला कारण आधीचा काळ्या मुठीचा वाळूत ठेवला आणि अजून तो दिवेआगरलाच आहे.

आणि हो, गल्लीत येणाऱ्या धारवाल्याला दातेरी चाकू देऊ नकोस. माझा पहिला मी दिला होता. त्याने सायकलवर बसून चाकाला लावला, ठिणग्या उडाल्या, आणि मोठ्या प्रेमाने सगळे दाते सपाट करून परत दिला. वर म्हणाला, "साहेब, खडबडीत होता, साफ केला."

चाकू सोबत आणताना डिकीतल्या पेटीत, बाकी सामानाबरोबर ठेव. कमरेला लावून ताम्हिणीत चहाला उतरू नकोस. पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली अधूनमधून मनाई आदेश लागू असतो, त्यात सुरे बाळगायलाही बंदी येते, आणि नाकाबंदीत मुडदुशीवर व्याख्यान द्यायची माझी इच्छा नाही. पेटीत रॉड, रीळ, आमिषाचा वास असला की काही सांगावं लागत नाही. वास तर असतोच.

शिंगाळा लागला तर त्याला हात लावू नकोस. त्याच्या पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन काटे असतात, दातेरी आणि विषारी. पकडीने धरायचा, नाहीतर लाइन कापून सोडून द्यायचा. पाखट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, लागलं तर पकडही नको, लांबूनच लाइन काप. त्यातूनही काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवतात, त्याने कळ उतरते, आणि मग डॉक्टर. म्हणून मी थर्मास दोन घेतो. एक चहाचा. दुसऱ्यातलं पाणी तू मागच्या वेळी मॅगीला वापरायला निघाला होतास.

दिवस मी द्वादशीचा धरलाय. तिथीची पाऊणपट ही भरतीची वेळ, आजीच्या पाऊणकीच्या पाढ्याने बाराचे नऊ. म्हणजे उजाडताना पाणी निम्मं चढलेलं असेल आणि नवाला भरती पूर्ण. उधाणही नाही. चढत्या पाण्याबरोबर आपण मागेमागे सरकत यायचं, त्याच्या मागे जायचं नाही. पुण्यातून रात्री दोनला निघू, पिरंगुटपर्यंत तू झोप, पुढे घाटात मला बोलका माणूस लागतो.

तुझ्यासाठी टोमॅटोचा चाकू घेऊन ठेवलाय, पाइपही कापून ठेवलाय, पोळपाटावर तू उभा राहा, तुझं वजन जास्त आहे. तू फक्त पक्कड आण, लांब चोचीची. माझ्याकडे एकच आहे आणि ती मी देणार नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
नाना