एकट्याचं मत

कोथरूड, पुणे
१४ डिसेंबर २०२५

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

शुक्रवारी फोन केला तेव्हा तू वखारीपाशी होतास. कोंब फुटलेला कांदा बाया निवडत होत्या, त्यांचा आवाज मागून येत होता. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींना जाऊन दहा वर्षं झाली, एवढं सांगायला मी फोन केला होता. तू म्हणालास, "विनू, रस्त्यावरचे जोशी मला कळतात. पण राज्यसभेत सहा वर्षं बसून त्या माणसाने केलं काय? विरोधी बाकावरच्या एकट्याने बोलून होतं तरी काय?" फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही. दोन रात्री तेच डोक्यात आहे, म्हणून आज सकाळपासून कागद घेऊन बसलोय. लांबेल, पण शेवटपर्यंत वाच. शेवटी तुझ्याकडे एक कामही आहे.

आपल्या अण्णांची ती आडत्याने दिलेली हिशेबाची पट्टी तुला आठवते? तुमच्या देवघरात पोथीच्या पानांत घडी करून ठेवलेली. आठ पिशव्या कांदा, वजन, भाव. त्याखाली हमाली, तोलाई, वाराई, आडत, गाडीभाडं. आणि सगळ्यात खाली लाल शाईने 'आपणांकडून येणे रु. ११.४०'. आठ पिशव्या घालून वर अकरा रुपये चाळीस पैसे अण्णांनीच द्यायचे! आपण कॉलेजात होतो. मला वाटलं, आडत्याने बेरीज चुकवली असेल. अण्णा म्हणाले, "बेरीज बरोबर आहे पोरा, दुसरंच काहीतरी चुकलंय." तेव्हा स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आंबेठाणला मुरमाड जमीन घेतलेला एक माणूस चाकणच्या बाजारात कांद्याच्या भावाबद्दल बोलायला लागला होता. चुकलेलं ते दुसरं काय, हे त्याने सांगितलं. उलटी पट्टी हा शब्द त्याच्या तोंडून गावोगाव गेला.

माझं म्हणणं असं की जोशी दिल्लीला गेले ते तीच पट्टी खिशात घालून गेले. जुलै २००४ ते जुलै २०१०. पक्ष स्वतंत्र भारत, राज्यसभेत खासदार एकच. चर्चेचा वेळ पक्षाच्या संख्येवर मिळतो, त्यामुळे एका माणसाच्या पक्षाला 'इतर' या खात्यातली थोडकी मिनिटं. त्यात अर्थसंकल्पही बसवायचा आणि गव्हाची आयातही. जुनी कामकाजं आता घरबसल्या वाचता येतात. निवृत्तीनंतर माझा तोच उद्योग आहे. हिला वाटतं मी खटल्याची तयारी करतोय.

जोशी आयुष्यभर एकच हिशेब मागत राहिले: सरकार शेतकऱ्याला देतं किती आणि त्याच्याकडून घेतं किती, हे एका कागदावर मांडा. हा कागद सरकारनेच मांडलेला होता, हे लोकांना माहीत नसतं. जागतिक व्यापार संघटनेला भारताने १९८६ ते १९८८ या पायाभूत काळातले आकडे दिले. खत, पाणी, वीज यांवरचं अनुदान होतं साडेचार हजार कोटींच्या आसपास. आणि पिकांच्या भावातून मिळालेला आधार होता उणे, सुमारे २४,००० कोटी. उणे, दत्ता! म्हणजे बाहेरच्या बाजारात जे मिळालं असतं त्यापेक्षा तेवढं कमी शेतकऱ्याच्या हाती पडलं. लाल शाईतले अकरा रुपये चाळीस पैसे, पण सबंध देशाचे. जोशी याला उणे सबसिडी म्हणत. लोकांना ते भाषणबाजी वाटे. पुढे २०१८ साली ओईसीडी ही श्रीमंत देशांची संघटना आणि दिल्लीची इक्रियर ही संशोधन संस्था यांनी मिळून २००० नंतरच्या सतरा वर्षांचा हिशेब काढला, तोही उणेच आला. शेतीच्या एकूण उत्पन्नाच्या उणे १४ टक्के.

हे उणे होतं कसं, ते तुला कुणी सांगायला नको. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात निर्यातबंदी, पुढच्या मे महिन्यात बंदी उठली ती शुल्क ठेवूनच, आणि शुल्क पुरतं गेलं १ एप्रिल २०२५ ला. तोवर बाहेरची गिऱ्हाइकं दुसऱ्या देशांचा कांदा घ्यायला लागलेली. तुझ्या वखारीतले कोंब हे त्या कागदांचे कोंब आहेत.

वायद्यांचंही तेच. वायदे म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे आज भाव ठरवून केलेले सौदे. २००७ च्या सुरुवातीला तूर, उडीद, गहू, तांदूळ यांचे वायदे सरकारने बंद केले. वायद्यांमुळे भाव चढतात का हे तपासायला अभिजित सेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, जोशी तिचे सदस्य होते. वायदेबाजारामुळेच महागाई झाली असं ठामपणे म्हणता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. जोशींनी अहवालाला आपलं वेगळं टिपणही जोडलं. हा अहवाल एप्रिल २००८ च्या अखेरीस आला आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सरकारने हरभरा, बटाटा, रबर आणि सोयातेल यांचेही वायदे थांबवले. तू म्हणशील, बघ, काय उपयोग झाला? थांब, अजून वाच.

कर्जमाफीवर मला जास्त लिहायचंय, कारण तिथे मी बँकेच्या खिडकीच्या आत होतो. फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात ६०,००० कोटींची घोषणा झाली तेव्हा माझी बदली यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाखेत होती. दोन हेक्टरपर्यंत जमीन असेल तर थकीत कर्ज पूर्ण माफ, त्यापुढे असेल तर बाकीची रक्कम भरल्यावर पाव हिस्सा सूट. याद्या आम्हीच केल्या, फलकावर आम्हीच चिकटवल्या. एक दिवस एक म्हातारा प्लॅस्टिकच्या पिशवीतून सातबारा काढून माझ्यापुढे उभा राहिला. सात एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. एकरी हातात काय पडत असेल तुला ठाऊक आहे. तो म्हणाला, "साहेब, दोन एकर इकून टाकले असते तं यादीत आलो असतो काय?" मी मान हलवली. अजून काय करणार होतो? चार एकर बागायत असलेला यादीत, सात एकर खडक नांगरणारा बाहेर. नंतर दुष्काळी जिल्ह्यांना थोडी जास्त सवलत मिळाली, पण तो दिवस माझ्या मनातून गेला नाही.

त्या काळात विरोधी बाकांवरून विदर्भाचं हे गाऱ्हाणं बरंच मांडलं गेलं. जोशींचा आक्षेप त्याच्याही मुळाशी जाणारा होता. माफी हा शब्दच त्यांना चालत नव्हता. माफी गुन्हेगाराला असते. भाव पाडून ज्याला कर्जात ढकललं, त्याचं कर्ज हे त्याचं नव्हेच, त्याला हवी ती मुक्ती. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा आपण चाकणला घसा फुटेस्तोवर दिली, पण तिचा अर्थ मला त्या खिडकीत बसून कळला. तो म्हातारा भीक मागायला आलाच नव्हता. तो नियम समजून घ्यायला आला होता.

आता विजेचं, आणि हे तुझ्या माझ्यातलं आहे. २००६ चा उन्हाळा आठव. जूनपासून पुण्यात भारनियमन शून्य झालं. शहरातल्या कारखान्यांनी आपापले जनरेटर चालवायचे आणि त्याचा जादा खर्च शहराच्या बिलांत थोडाथोडा घालायचा, अशी योजना होती. पेपरांत पुण्याचं कौतुक. मी इथे पंख्याखाली झोपत होतो आणि चाळीस किलोमीटरवर तू रात्री दोनला बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जात होतास. शहरांचा इंडिया आणि खेड्यांचा भारत हा भेद जोशी कितीतरी वर्षं सांगत होते. मला तो घोषणेसारखा वाटायचा. त्या उन्हाळ्यात तुझ्याकडे मुक्कामाला आलो, पहाटे तुझे चिखलाचे पाय दारात बघितले आणि कोथरूडला परत येताना लाज वाटली.

शेतीपंपांच्या विजेचा हिशेब हा तर वेगळाच अध्याय. नव्वदीच्या दशकाच्या शेवटापर्यंत राज्याची वीजगळती सतरा-अठरा टक्के सांगितली जायची. वीज नियामक आयोग आला, इथल्या पुण्यातल्या प्रयास संस्थेसारख्यांनी आकडे उकरले, तेव्हा ती तीस टक्क्यांच्या वर निघाली. मधला फरक कुठे दडला होता? मीटर नसलेल्या पंपांच्या नावावर. वीज तारांत गळली, चोरीला गेली, आणि कागदावर ती तुझ्या माझ्या बापाने कांद्याला पाजली! थकबाकी आमची नाही, असं संघटना म्हणे तेव्हा शहरातले लोक फुकटे म्हणायचे. माझ्या बँकेतलेही म्हणायचे. त्यांना हा मधला आकडा कुणी दाखवलेला नव्हता.

फुकटची जोशींना किती चीड होती! २००४ च्या निवडणुकीआधी राज्यात मोफत वीज जाहीर झाली, २००५ मध्ये बंद झाली. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत पुन्हा मोफत आहे. मोफत देतात तेव्हाच भाव मागायचा हक्क काढून घेतात, असं मला आता वाटतं. इथेनॉलच्या बाबतीतही शेवटी प्रश्न हक्काचाच आहे. ऊस शेतकऱ्याचा, पण त्याच्या रसाची साखर करायची की इंधन, हे दिल्ली ठरवणार. डिसेंबर २०२३ मध्ये भर हंगामात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका आदेशाने मनाई झाली, आठवड्याभरात थोडी ढिली झाली. कोट्यवधी रुपये गुंतवलेल्या कारखान्यांच्या सभासदांना विचारलं कुणी?

सगळीकडे मी त्यांच्या बाजूचा नाही, हेही लिहितो. ९ मार्च २०१०. महिला आरक्षणाचं विधेयक राज्यसभेत आलं. सात सदस्य निलंबित, मार्शल सभागृहात. मतं पडली १८६ विरुद्ध १. तो एक म्हणजे शरद जोशी. ज्यांनी १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं एवढं मोठं अधिवेशन भरवलं, लक्ष्मीमुक्तीतून बायकांच्या नावावर जमिनी करायला लावल्या, त्यांचं मत विरोधात! मला राग आला होता. तुझी वहिनी तर दोन दिवस त्यांचं नाव घेऊ देत नव्हती. आजही मी तिथे असतो तर बाजूने मत दिलं असतं. पण त्यांचं म्हणणं मी आता नीट वाचलं. राखीव मतदारसंघ दर निवडणुकीला फिरणार, तर निवडून आलेल्या बाईला तिथे पुन्हा उभं राहण्याची शाश्वती नाही, मग ती मतदारसंघ बांधेल कशाला? मुद्दा आरक्षणाचा नव्हता, फिरतीचा होता. २०२३ च्या कायद्यात फिरती दर निवडणुकीला नाही, मतदारसंघांच्या फेररचनेनंतर आहे. तो बदल त्यांच्यामुळे झाला असं मी म्हणत नाही. आक्षेप मात्र पोकळ नव्हता. आणि १८६ जण एका बाजूला असताना तो त्यांनी उभं राहून, कारण सांगून नोंदवला. बाहेर जाऊन चहा पीत बसता आलं असतं की.

तर तुझा प्रश्न. सहा वर्षांत त्यांनी सरकार पाडलं नाही, एकही बंदी उठवली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सात शेतमालांचे वायदे पुन्हा बंद झाले आणि वर्षानुवर्षं बंदच राहिले. पण दत्ता, बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस म्हणून सांगतो, चुकीची नोंद कुणी हरकत न घेता राहिली की तीच खरी ठरते. पुढचा अधिकारी तिच्यावरूनच पुढची बेरीज करतो. 'शेतकऱ्याला एवढं दिलं' ही नोंद देशाच्या वहीत वर्षानुवर्षं होत आली. तिच्यासमोर हरकत लिहिणारा तो माणूस होता. तीही एकट्याने, मिळालेल्या चार मिनिटांत, सभापतींची घंटा वाजेपर्यंत.

आता ते काम. तुझी विहिरीवरची मोटार पाच अश्वशक्तीची, आणि बिलावर साडेसात. दहा वर्षांपूर्वी तू तालुक्याच्या कचेरीत तीन अर्ज दिलेस, कुणी बघायलाही आलं नाही. आता बिल भरावं लागत नाही म्हणून तू विषय सोडलास. पण बिल शून्य झालं तरी साडेसातचा आकडा तिथेच आहे. सरकार तुझ्या वतीने साडेसातचे पैसे मोजतं, आणि तुझ्या नावावर न वापरलेल्या अडीच अश्वशक्तीचं अनुदान मांडलं जातं. उद्या कुणी टीव्हीवर म्हणेल, शेतकऱ्यांना इतके हजार कोटींची वीज दिली, तेव्हा त्यात तुझं हे खोटं अडीच असेल.

मोटारीवरची पाटी तारेच्या घासणीने साफ करून ठेव. मी पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीने येतो. अर्ज इथूनच लिहून आणतो, या वेळी पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. वाडीतले अजून कोण कोण साडेसातवाले आहेत त्यांनाही बोलावून ठेव. आणि अण्णांची ती पट्टी पोथीतून काढ, मला तिची एक प्रत हवी आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. येताना चितळ्यांची बाकरवडी आणतो, निवडणाऱ्या बायांनाही पुरेल इतकी.

तुझा,
विनायक