निवाऱ्याच्या फाटकाशी ठेवलेले खोके

संपादक महोदय,

स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या कुत्र्यामांजरांच्या निवाऱ्यांचे कौतुक अधूनमधून छापून येते, परंतु तेथील रोजच्या कामाविषयी फारसे लिहिले जात नाही. आईवेगळ्या नवजात पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध पाजावे लागते. पहिले सुमारे 3 आठवडे त्याला आपणहून मलमूत्र विसर्जनही करता येत नसल्याने प्रत्येक वेळी ओलसर, मऊ कापडाने हळुवार पुसून ते करवून घ्यावे लागते. नोकरी सांभाळून हे करणाऱ्यांची झोप किती होत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

नव्याने आलेल्या प्राण्याला सुमारे 2 आठवडे इतरांपासून वेगळे ठेवणे आवश्यक असते, कारण पार्व्हो या जीवघेण्या संसर्गजन्य रोगाचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो आणि लसीकरण न झालेल्या पिल्लांचा बघता बघता बळी घेतो. रात्री फाटकाशी प्राणी घातलेले खोके ठेवून निघून जाणारे ‘प्राणिप्रेमी’ (हा शब्द मी नाइलाजाने वापरतो आहे) नेमकी हीच शिस्त मोडतात.

मांजरीचा गर्भकाळ जेमतेम 9 आठवड्यांचा असल्यामुळे निर्बीजीकरणावाचून कोणताही निवारा अपुराच पडणार. त्यामुळे प्राणी आणण्यापूर्वी निवाऱ्याला कळवावे, आणि तेथे जागा नसल्यास त्याला दत्तक घेणारे घर मिळेपर्यंत तो स्वतःकडे सांभाळावा, एवढीच विनंती.

आपला,
एक स्वयंसेवक