पंचवटीतल्या भजनी मंडळाचे मनापासून आभार

गेल्या महिन्यात बदली होऊन नाशिकला आलो. सामानाच्या गाडीत माझी पेटी (हार्मोनियम) आपटली. भात्याला चीर गेली आणि काळी चार ही पट्टी भाता हलवला की आपोआप वाजत राहायची. नेमक्या त्याच दिवसांत नव्या चाली सुचत होत्या. मोबाइलवर गुणगुणून ठेवायचो, पण पेटीशिवाय जीव रमेना.

पंचवटीत एका देवळात भजन चाललं होतं. तिथल्या पेटीवाल्या काकांना विचारलं, तर दुसऱ्याच दिवशी ते घरी हजर! त्यांनी पट्ट्या काढल्या, तुटलेली स्प्रिंग बदलली, सुरांवरची (आतल्या पितळी पात्यांवरची) धूळ मऊ ब्रशने झटकली, भात्याला आतून चामडं चिकटवलं. ते वाळेपर्यंत मंडळाची पेटी माझ्याकडे ठेवून गेले. त्या संध्याकाळचं भजन सगळ्यांनी नुसत्या टाळ-मृदंगावर केलं, हे मला नंतर कळलं.

पैसे घेतलेच नाहीत. "नवी चाल ऐकवा," एवढंच म्हणाले. ऐकून अंतऱ्यात कोमल निषाद हा सूर लावून बघायला सांगितलं, आणि चाल खुलली. १९२१ साली शास्त्रीय गायक द. वि. पलुस्करांचा जन्म झाला ते हेच गाव. इथे सुरांची कदर आहेच.

काका आणि मंडळातले सगळे, तुमचे फार आभार. पुढच्या भजनाला येतोय.