चि. ऋतूस

सोलापूर

चि. ऋतूस अनेक आशीर्वाद.

रविवारी डोंगरावरच्या त्या उपवासावरून आणि तुझ्या थायरॉईडच्या गोळीवरून आपलं वाजलं, तू फोन ठेवलास, तेव्हापासून तुझी आई माझ्याशी मोजकंच बोलते. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये तोंड घालायला?" एवढंच. म्हणून लिहायला बसलोय. फोनवर आपण दोघंही समोरच्याचं पुरतं ऐकत नाही. गोळीचा विषय मात्र काढायचा नाही, असं ठरवलंय.

"बाबा, तुम्ही गोळ्या विकता, म्हणून तुम्हाला दुसरं काही दिसतच नाही," असं म्हणालीस. खरंय, जन्म मेडिकलच्या काउंटरमागे गेला. आणि त्याच गोळ्यांवर तुझं इंजिनिअरिंग... असो. हे लिहायचं नव्हतं.

आधी चांगलं सांगतो. तू पाठवलेला बादुआनजिनचा, त्या चिनी व्यायामाचा, व्हिडिओ बघून मी सकाळी गच्चीवर करायला लागलोय. आठ प्रकारांतला पहिला, दोन्ही हातांनी आभाळ तोलायचा, झकास जमतो. दुसऱ्यात गुडघे वाकवून धनुष्य ओढायचं, तिथं डावा गुडघा बोलतो, म्हणून निम्माच वाकतो. चौथ्यात नुसती मान वळवून मागं बघायचं. चिठ्ठ्या वाचून आखडलेली माझी मान त्यानं खरंच सैल झाली, उगीच नाही म्हणणार नाही. शेवटी टाचा उचलून दाणकन टेकायच्या, सात वेळा. तिसऱ्या दिवशी खालच्या वहिनी वर आल्या, "भाऊजी, रोज पहाटे वर काय कांडताय?" तुझी आई अजून हसते आहे. म्हणजे हसत होती, रविवारपर्यंत.

तुझा फोन बंद झाल्यावर मी वाचत बसलो. चीनमधल्या चांगशाजवळच्या मावांगदुईला 1973 साली एका थडग्यात रेशमावर काढलेली चित्रं सापडली. थडगं इसवी सनापूर्वी 168 मध्ये बंद केलेलं, आणि चित्रात 44 माणसं व्यायाम करताहेत. बायका आहेत, पुरुष आहेत, तरुण आहेत, म्हातारे आहेत. एका चित्रापाशी गुडघेदुखीसाठी म्हणून लिहिलंय! तुम्ही बागेत सकाळी करता ते इतकं जुनं, आणि आमची ऋतू चेंगडूच्या म्हाताऱ्या बायकांच्या रांगेत उभी राहून ते शिकते. दुकानात आलेल्या दोघातिघांना सांगूनही झालं. श्वास पोटात खाली, बेंबीखाली नेऊन सोडायचा, रागावल्यावर निदान तेवढं करायचं, हेही तू सांगितलं होतंस. रविवारी दोघांनीही केलं नाही.

हे सगळं कर. रोज कर. माझी हरकत त्याला नाहीच. माझी हरकत चिंगचंग डोंगरावरच्या त्या सात दिवसांना आहे. जागा मोठी आहे, मान्य. झांग दाओलिंग इसवी सन 143 मध्ये तिथं आला आणि ताओ पंथाची गादीच तिथून उभी राहिली. पण त्यांची ती पाच धान्यं सोडून सात दिवस राहायचं, त्याला बिगू म्हणायचं, आणि "त्या दिवसांत बाहेरचं काही पोटात घ्यायचं नाही, औषधही नाही" असं तुला कुणीतरी सांगायचं, हे मला पटत नाही. उपवासाचं कौतुक आम्हाला सांगू नकोस, तुझ्या आजीचं अर्धं आयुष्य वाराच्या उपासात गेलं. पण बीपीची गोळी ती एकादशीलाही घ्यायची.

बघ, आलोच मी गोळीवर.

आता आलोच आहे तर ऐक. थायरॉक्सिन, म्हणजे तुझ्या गोळीतलं औषध, रक्तातून निम्मं उतरायलाच साधारण सात दिवस लागतात. आपल्याकडे नळाला पाणी आलं नाही तरी गच्चीवरची टाकी चार दिवस चालते की नाही, तसं. म्हणजे त्या सात दिवसांत तुला काहीही होणार नाही. उलट स्वच्छ हवा, झोप, फोन नाही, ऑफिस नाही, छानच वाटेल. मला त्या छान वाटण्याचीच भीती वाटते. खाली उतरल्यावर तू म्हणशील, गोळीवाचून बरी आहे मी. मग महिना जाईल, दोन जातील. काउंटरवर असे किती आले! "दोन आठवडे बंद केली, काही झालं नाही," असं सांगणारी माणसं तीन महिन्यांनी सुजलेल्या तोंडानं परत यायची.

सुमामावशी तुला धूसर आठवत असेल. कुणीतरी काढा दिला आणि गोळी बंद करवली. तोवर आवाज कसा होता तिचा! तुझ्या बारशाचा पाळणा तिनंच म्हटला. त्या वर्षी वैशाखात, सोलापूरच्या त्या उन्हात, ती अंगावर चादर घेऊन सोप्यात बसलेली होती. चहाचा कप हातात धरून ठेवायची, ऊब लागावी म्हणून, आणि प्यायची नाही. हाक मारली की उत्तर यायला वेळ लागायचा. भुवयांची टोकं विरळ झालेली. तिला दवाखान्यात न्यायला दामू रात्री जीप घेऊन आला तेव्हा तिनं त्याला ओळखलं नाही. पुढचं तुला माहीत आहे.

तुझ्या लोकांचंच सांगतो, माझं नको ऐकूस. तो सुन सिमियाओ, तांग काळातला, ज्याला तिकडं औषधांचा राजा म्हणून पुजतात. श्वास, चोळणं, खाणंपिणं, सगळं शिकवणारा ताओवादी. त्यानं पाच हजारांवर औषधांच्या कृती लिहून ठेवल्या. आणि गलगंडाला काय द्यायचा? समुद्रातलं शेवाळ, आणि मेंढीची, हरणाची गळ्यातली ग्रंथी. ऋतू, थायरॉईडच देत होता गं तो! तेराशे वर्षांपूर्वी! श्वास शिकवून औषध बंद करा असं त्यानं कुठं म्हटलेलं मला तरी सापडलं नाही. आणि त्याच तांग घराण्याचे बादशहा अमर व्हायला हिंगूळ-पाऱ्याच्या गुट्या खाऊन मेले. एकाच परंपरेत दोन्ही. निवडायचं आपण.

झालं, पुन्हा मास्तरकी. माफ कर. तीस वर्षांची मुलगी आहेस, परक्या देशात एकटी घर चालवतेस, त्यांची भाषा बोलतेस, रिक्षावाल्याशी भांडतेस म्हणे त्या भाषेत. मला तर पुण्यात रस्ता विचारायला लाज वाटते.

परवा भैया चौकातल्या कोटणीसांच्या स्मारकावरून आलो. दरवेळी जातो, पण आता थांबतो. इथला मुलगा 1938 साली चीनला गेला, तिथं लोकांना बरं करत राहिला आणि 1942 मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेला. लोक हार घालतात. मी त्याच्या आईवडिलांचा विचार करत उभा राहतो. हे तुझ्या आईला सांगू नकोस.

तर डोंगरावर जायचं तर जा. आमची परवानगी तू मागितलेली नाहीसच. पंच्याहत्तरची पट्टी बॅगेच्या वरच्या कप्प्यात टाक. पहाटे कुणी उठायच्या आत, साध्या पाण्याबरोबर, अर्ध्या मिनिटाचं काम. धान्य ते नाही, त्यांचा नियम मोडत नाही. आणि परत आल्यावर सहा आठवड्यांनी टीएसएच, थायरॉईडची ती रक्ततपासणी, कर. रिपोर्ट मला नको पाठवूस, आईला पाठव.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी दामूच्या मुलाबरोबर देतोय, तो पंधरा तारखेला निघतो. तुमच्या त्या पाच धान्यांत ज्वारी धरतात का ते विचारून ठेव.

तुझा,
बाबा

ता.क. सकाळचं ते सोयाचं गरम दूध गोळीबरोबर घेऊ नकोस, गोळी नीट लागू पडत नाही. कॅल्शियम घेत असशील तर तेही चार तास लांब. आता खरंच बंद करतो.