अण्णा, मलम तेवढं बंद ठेवा

तीर्थरूप अण्णा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई रडायला लागली आणि मलाही पुढं बोलवेना. म्हणून सगळं सविस्तर लिहिते. पत्र दोघांनी मिळून वाचा.

आधी गावातल्या बोलण्याचं. भुवया झडल्या, कपाळावर पुरळ उठलं, म्हणून लोक महारोग म्हणतात. डॉक्टरांनी चट्ट्यांवर कापूस फिरवून पाहिला, कोपरामागची नस चाचपली, कानाच्या पाळीचा नमुनाही तपासला. अण्णांना स्पर्श नीट कळतो, नस जाड झालेली नाही, नमुन्यात जंतू नाहीत. तो आजार नाही. असता तरी त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि माणूस बरा होतो. डॉक्टरांना ज्याचा संशय आहे तोही शिवल्यानं किंवा एका ताटात जेवल्यानं होत नाही. आई, अण्णांचं ताट-तांब्या वेगळा ठेवू नकोस. त्यांना ते फार लागलंय.

संशय आहे तो त्वचेच्या लिम्फोमाचा. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशी बिघडून कातडीत साठतात, असा हा कर्करोग. त्याच्या नेहमीच्या प्रकारात, मायकोसिस फंगॉइडिसमध्ये, चट्टे बहुतेक कमरेखाली, मांड्यांवर, कपड्यांनी झाकलेल्या जागी येतात. अण्णांचा प्रकार विरळा वाटतो, फॉलिक्युलोट्रॉपिक. त्यात पेशी केसांच्या मुळांभोवती गोळा होतात. म्हणून भुवया गेल्या, म्हणून डोकं-मानेवर जास्त दिसतं आणि म्हणूनच रात्र रात्र खाज सुटते.

तपासणीसाठी काढलेल्या कातडीच्या पहिल्या तुकड्यात नुसता इसब निघाला, म्हणून अण्णा म्हणतात, आता परत कशाला कापायचं? या आजारात एका तपासणीत निदान होतंच असं नाही; अनेकांचे तुकडे पुन्हा घ्यावे लागतात. त्यातून मेडिकलवरून आणलेल्या मलमात स्टिरॉइड असतं. त्यानं पेशी तात्पुरत्या दबतात आणि तपासणीत खरं काही दिसत नाही. या वेळी केसाचं मूळ येईल इतका खोल तुकडा घेतील. जागा बधिर करून, एखादा टाका. मग पेशींवर खास रंगाच्या तपासण्या आणि जनुकांची तपासणी होईल.

निदान पक्कं झालं की रक्त आणि काखेतल्या-जांघेतल्या लसीका गाठी तपासून आजार कुठवर आहे ते पाहतील. मी लपवत नाही, हा प्रकार साध्यापेक्षा चिवट आहे. पेशी खोलवर असल्यानं वरून लावायचं औषध पुरत नाही. सोरालेनच्या, म्हणजे कातडीवर किरणांचा परिणाम वाढवणाऱ्या, गोळ्या देऊन अतिनील किरणांचा उपचार करतात, गरज पडली तर पोटातून औषधं किंवा रेडिएशन. पण लवकर सापडला तर तो बरीच वर्षं आटोक्यात राहतो. किरणांच्या दिवशी मात्र रानात जाता येणार नाही, उन्हाचा काळा चष्माही लागेल.

सोयाबीन काढणी झाल्यावर येतो म्हणालात ना अण्णा? चालेल. मलम कमीत कमी 2 ते 4 आठवडे बंद ठेवायचंच आहे, ते आजपासून ठेवा. खाज असह्य झाली तर मला फोन करा, मी डॉक्टरांना विचारून सांगते. मनानं काही लावू नका.

येताना अंबाजोगाईहून पहिल्या तुकड्याच्या तपासणीच्या काचा आणि तो तुकडा ज्यात जपून ठेवलाय तो मेणाचा ब्लॉक मागून आणा. नुसता रिपोर्ट पुरत नाही. इथं संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालयात मी बरोबर असेन. रजा टाकलीय.

तुमची,
वैशाली